मुळा, बिस्किटं आणि दुसरं प्रकरण

मानसशास्त्रातला कुठलाही प्रबंध हाती घ्या आणि दुसरं प्रकरण उघडा. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' असं शीर्षक असतं आणि खाली दोन भाग, परदेशातील संशोधन व भारतातील संशोधन. अमुक यांनी दोनशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, त्यांना सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, फरक आढळला. तमुक यांनी तीनशेवर केला, त्यांना आढळला नाही. परिच्छेद सालाप्रमाणे रांगेत उभे असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. शेवटचं वाक्यही ठरलेलं: 'यावरून प्रस्तुत विषयावर अधिक संशोधनाची गरज दिसून येते.' हे वाक्य कुठल्याही विषयाखाली चिकटवता येतं, यातच त्याची किंमत कळते.

अशा प्रकरणात मेहनत कमी नसते. चुकतं ते गृहीतक. छापून आलेलं सगळं एकत्र मांडलं की त्या विषयाचं खरं चित्र उभं राहतं, असं त्यात धरलेलं असतं. प्रयोगातल्या नमुन्याबद्दल आपण किती प्रश्न विचारतो! कुठून घेतला, किती जणांचा, गळाले किती. पण छापील निबंध हासुद्धा एक नमुनाच आहे. तो कुणीतरी निवडलेला आहे, आणि निवडणाऱ्यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत.

इच्छाशक्तीवरच्या संशोधनाचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. ६७ विद्यार्थी, आणि खोलीत नुकत्याच भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा वास. टेबलावर एका भांड्यात ती बिस्किटं, दुसऱ्यात मुळे. एका गटाने बिस्किटं खायची, दुसऱ्याने ती समोर दिसत असताना फक्त मुळे खायचे, तिसऱ्या गटाला खाण्याचा भागच नाही. मग सगळ्यांना भूमितीची न सुटणारी कोडी दिली. मुळेवाल्यांनी सरासरी ८.३५ मिनिटांत हात टेकले. बिस्किटवाले १८.९० मिनिटं टिकले आणि तिसरा गट २०.८६ मिनिटं. मोह आवरताना संयमाचा साठा खर्ची पडतो आणि पुढच्या कामाला तो उरत नाही, असा अर्थ लावला गेला. याला नाव मिळालं 'इगो डिप्लिशन'.

त्यानंतर अशा प्रयोगांची रीघ लागली. २०१० साली मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यासांतल्या १९८ तुलना एकत्र करून मेटा-अॅनालिसिस, म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांचं एकत्रित गणित, केलं. परिणामाचा आकार, म्हणजे कोहेनचा डी (दोन गटांच्या सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुणांच्या पसरणीच्या, मापात), ०.६२ आला. मानसशास्त्रात हा मध्यमपेक्षा मोठा मानतात.

आता समजा, २०११ साली कुणी या विषयाचा आढावा लिहायला बसलं आहे. सगळे निबंध मिळवले, प्रत्येक शब्दन् शब्द वाचला, ताजं मेटा-अॅनालिसिस उद्धृत केलं. गाईडने पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं प्रकरण तयार झालं. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, २३ प्रयोगशाळांनी एकच पद्धत आधी जाहीर करून २१४१ जणांवर प्रयोग केला. डी आला ०.०४. शून्यच म्हणायचं. ती पद्धत मूळ कल्पनेला धरून नव्हती असा आक्षेप बाउमाइस्टर यांनी घेतला. त्यावर वाद झाला, आणि २०२१ साली मूळ विचाराच्या बाजूच्याच कॅथलीन व्होस यांच्या पुढाकाराने ३६ प्रयोगशाळा आणि ३५३१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वेळी ०.०६. त्याच वर्षीच्या १२ प्रयोगशाळांच्या आणखी एका अभ्यासात ०.१० आला. म्हणजे परिणाम असलाच तर चिमूटभर आहे, ०.६२ च्या आसपासही नाही.

२०११ चा तो आढावाकार आळशी नव्हता. त्याच्यापुढे जे आलं ते सगळं त्याने वाचलं. जे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही त्याने घात केला. हॅगर यांच्या मेटा-अॅनालिसिसमध्ये फक्त प्रसिद्ध झालेले अभ्यास होते, आणि ज्या प्रयोगांत फरक आला नाही ते बहुतेक कपाटातच राहिले होते. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ सालीच या दुखण्याला 'फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम' असं नाव दिलं होतं. ते किती खोल जातं याचा हिशेब औषधांच्या बाबतीत चोख मांडता आला, कारण अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे, एफडीएकडे, प्रत्येक चाचणीची नोंद आधी करावी लागते. २००८ साली एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या औषधांच्या अशा ७४ चाचण्या तपासल्या. एफडीएच्या मते ३८ चाचण्यांत औषध गुणकारी ठरलं होतं, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा शब्दांत छापल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असंच वाटावं, आणि जशा होत्या तशा नकारात्मक म्हणून छापल्या गेल्या फक्त ३. नियतकालिकं वाचणाऱ्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसल्या. प्रत्यक्षात आकडा ५१ टक्के होता.

मग २०११ मध्येच बसून काही दिसलं असतं का? बरंचसं दिसलं असतं, नुसती त्रैराशिकाची तयारी हवी होती. ०.६२ एवढा परिणाम खरा असेल, तरी तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ४२ माणसं लागतात. मुळ्याच्या प्रयोगात तीन गट मिळून ६७ होती, म्हणजे गटात साधारण २२. एवढ्या लहान गटांत परिणाम खरा असूनही दोनपैकी एखाद्याच प्रयोगात निकाल सार्थक यावा. अशा आकाराच्या ओळीने दहा प्रयोगांत दहाही सार्थक आले, तर ती शक्यता हजारात एक. तेव्हा एखाद्या विषयात लहान लहान नमुने आहेत आणि तरी कुणाचाच प्रयोग फसत नाही, असं दिसलं की आनंदू नये. फसलेले प्रयोग कुठे गेले, हे विचारावं.

हीच गोष्ट फनेल प्लॉटमध्ये डोळ्यांना दिसते. आडव्या अक्षावर परिणामाचा आकार, उभ्या अक्षावर प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप; ती वरून खाली वाढत जाते. मोठे अभ्यास वर, मधोमध गोळा होतात. लहान अभ्यास खाली, दोन्ही बाजूंना पसरतात. खालचा डावा कोपरा रिकामा असेल तर लहान आणि अपयशी अभ्यास गायब आहेत असा संशय घ्यायचा. हा आलेख दहाच्या खाली अभ्यास असताना काढू नये, त्यात ढगांत चेहरे दिसावेत तसं काहीही दिसतं. २०१४ मध्ये इव्हान कार्टर आणि मायकेल मॅक्कलो यांनी हॅगर यांच्याच आकडेवारीवर अशा तपासण्या लावल्या, तेव्हा ०.६२ चा बराचसा भाग निवडक प्रसिद्धीतून आलेला असावा असं दिसलं. मोठे प्रयोग व्हायच्या दोन वर्षं आधी!

आता कामाची पद्धत. सुरुवात प्रश्नापासून करायची, आणि 'मोबाइल आणि मानसिक आरोग्य' हा प्रश्न होत नाही. कोण, काय, कशाच्या तुलनेत, आणि कशावर परिणाम, ही चार टोकं बांधावी लागतात. '१३ ते १८ वयाच्या शाळकरी मुलांत झोपण्यापूर्वीच्या तासाभरातला मोबाइलचा वापर आणि त्या रात्रीच्या झोपेचा कालावधी' असं लिहिलं की कुठला निबंध आत घ्यायचा आणि कुठला बाहेर ठेवायचा हे आपोआप ठरायला लागतं. निकष शोध सुरू करण्याआधी लिहून, तारीख टाकून ठेवावेत. आरोग्याशी संबंधित विषय असेल तर २०११ पासून चालू असलेल्या प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या नोंदवहीत, नाहीतर ओएसएफ या खुल्या संशोधन-संकेतस्थळावर. निबंध वाचून झाल्यावर ठरवलेले निकष हे निकालाकडे बघून ठरवलेले असतात, मग नियत कितीही साफ असो.

शोधाला किमान दोन डेटाबेस हवेत, सायकइन्फो आणि पबमेड, आणि त्यांच्या जोडीला स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स. गुगल स्कॉलर निबंधाचा माग काढायला छान आहे, पण मुख्य शोधासाठी नाही. तो सांगतो लाखभर निकाल आणि दाखवतो पहिले हजार, आणि त्यांचा क्रम कशावर ठरला हे सांगता येत नाही. प्रश्नातल्या प्रत्येक टोकासाठी समानार्थी शब्दांचा एक गट करायचा. गटातले शब्द 'ऑर'ने जोडायचे, गट एकमेकांना 'अँड'ने. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगं दोन्ही घ्यायची. शब्दाचं मूळ लिहून पुढे तारांकन टाकलं की त्याची सगळी रूपं येतात, पण मूळ फार आखूड ठेवलं की गोंधळ होतो. उंदीर या अर्थाच्या तीन इंग्रजी अक्षरांपुढे तारांकन टाकून पाहा: रेट, रेटिंग, रेशो सगळे धावत येतील. 'नॉट' शक्यतो वापरूच नये. प्रौढांवरचे निबंध नकोत म्हणून ते वापरलं, तर मुलं आणि प्रौढ यांची तुलना करणारे निबंधही जातात, आणि नेमके तेच हवे असतात.

मानसशास्त्राची स्वतःची एक खोड इथे फार छळते. एकाच गोष्टीला पाच नावं असतात आणि एकाच नावाखाली पाच गोष्टी असतात. संयमावरचं संशोधन 'सेल्फ-कंट्रोल' मध्ये सापडतं, तसं 'इम्पल्सिव्हिटी', 'डिले ऑफ ग्रॅटिफिकेशन', 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' आणि 'कॉन्शिएन्शसनेस' मध्येही. यातल्या एकाच नावाने शोधणारा माणूस एका टोळीचं साहित्य वाचतो आणि विषय वाचला असं समजतो. त्यामुळे डेटाबेसची स्वतःची शब्दसूची आधी चाळावी, पबमेडमध्ये मेश आणि सायकइन्फोमध्ये तिचा थिसॉरस. तिथले ठरावीक शब्द आणि आपले मोकळे शब्द दोन्ही द्यावेत. शोध नीट बांधला आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. विषयातले आधीपासून माहीत असलेले पाच-सहा महत्त्वाचे निबंध बाजूला लिहून ठेवायचे आणि शोधात ते सगळे येतात का पाहायचं. एखादा आला नाही तर त्याच्या शीर्षकात आणि सारांशात कुठला शब्द आहे तो बघून गटात घालायचा.

शोधाची ओळ जशीच्या तशी, डेटाबेसचं नाव, तारीख आणि आलेल्या नोंदींची संख्या तेव्हाच उतरवून ठेवा. नंतर आठवत नाही, आणि प्रिस्मा २०२० या आढावा-लेखनाच्या मार्गदर्शिकेच्या २७ कलमी यादीत हे सगळं मागतात.

आलेल्या नोंदींची चाळणी दोघांनी वेगवेगळी करावी. आधी पन्नासेक सारांशांवर सराव करून मतभेद कुठे होतात ते बघावं, बहुतेकदा निकषाची भाषाच ढिली निघते. दोघांचं मत ९० टक्के जुळलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. दोघांनीही शंभरातले पाच निबंध डोळे मिटून निवडले तरी मत ९० टक्के जुळतंच, कारण नाकारलेले दोघांचे बहुतेक तेच असतात. म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करून मोजणारा कोहेनचा कॅपा काढायचा. ०.६ च्या खाली असेल तर निकष दुरुस्त करून पुन्हा सुरुवात. या कामाला रय्यान आणि संदर्भ ठेवायला झोटेरो ही सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. विकतचं काही घ्यायची गरज नाही.

खरी कसोटी लागते माहिती उतरवताना. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक अभ्यास. रकाने: देश आणि ठिकाण, नमुना कसा घेतला, सुरुवातीला किती आणि शेवटी किती, वय, मापनश्रेणी आणि तिची कुठली आवृत्ती, रचना, गटांची सरासरी, प्रमाण विचलन, आधी नोंदणी होती का, पैसा कुणाचा. शेवटचे दोन रकाने कंटाळून सोडून देतात, आणि पक्षपाताचा माग तिथेच लागतो.

सगळ्यात घातक चूक आहे प्रमाण त्रुटीला प्रमाण विचलन समजण्याची. तक्त्यात सरासरीनंतर अधिक-उणे चिन्ह आणि एक आकडा असतो, तो कशाचा हे तळटीपेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं किंवा नसतंच. समजा गटात २५ जण आहेत, दोन गटांतला फरक ३ गुणांचा आहे आणि तो आकडा २ आहे. २ ही प्रमाण त्रुटी असेल तर प्रमाण विचलन तिच्या पाचपट, म्हणजे १०, आणि डी ०.३. तिलाच विचलन समजलात तर डी १.५! मेटा-अॅनालिसिसमध्ये एखादा अभ्यास इतरांच्या मैलभर पुढे दिसला की आधी हे तपासावं.

सरासरी दिलीच नसेल तर टी-मूल्यावरून, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीच्या आकड्यावरून, डी काढता येतो. दोन स्वतंत्र समान गट असतील तर टीला दोनने गुणायचं आणि एकूण संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. २० आणि २० चे गट, टी २.१, तर डी सुमारे ०.६६. याच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादाही, म्हणजे खरा परिणाम ज्या टप्प्यात असावा त्याची दोन टोकं, काढा, त्या येतात ०.०३ ते १.३०. प्रबंधात या अभ्यासाबद्दल 'सार्थक फरक आढळला' एवढं एकच वाक्य असतं. परिणाम नगण्य ते प्रचंड यांत काहीही असू शकतो, असं ते आकडे म्हणत असतात.

आकडे शक्य आहेत का, हेही एक मिनिटात तपासता येतं. १ ते ७ अशा पूर्णांकी श्रेणीवर २० जणांनी एका प्रश्नाला उत्तर दिलं असेल, तर सरासरी ०.०५ च्या पटीतच येणार. ३.४५ येईल, ३.५० येईल, ३.४७ कधीच येणार नाही. या तपासणीला ग्रिम म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी ती २०१७ साली मांडली. असा आकडा सापडला म्हणजे लबाडीच झाली असं नाही, उत्तर न दिलेली माणसं वगळली असतील किंवा टंकलेखनाची चूक असेल. पण त्या निबंधावर आपल्या निष्कर्षाचा भार टाकण्याआधी थांबावं. आणि एकच नमुना दोनदा मोजला जात नाही ना, तेही बघावं. पीएचडीचा प्रबंध, त्यातून काढलेला निबंध आणि परिषदेतलं वाचन हे तीन अभ्यास नव्हेत.

दुसऱ्याच्या पुस्तकातून मूळ निबंधाचा हवाला उचलू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तरी उचलतात. बी.एड.च्या प्रत्येक गाईडमध्ये मास्लोचा गरजांचा पिरॅमिड असतो आणि खाली १९४३ चा संदर्भ. त्या निबंधात पिरॅमिड नाही. वॉटसन आणि रेनर यांच्या १९२० च्या 'लिटल अल्बर्ट' या, बाळाला भीती शिकवण्याच्या प्रयोगाचंही तेच. बाळाची भीती नंतर घालवण्यात आली असं काही पाठ्यपुस्तकांनी लिहिलं. मूळ निबंधात तसं काही घडलेलं नाही. मागे घेतलेले निबंधही असेच फिरत राहतात. डच मानसशास्त्रज्ञ डीडरिक स्टॅपेल यांची बनवाबनवी २०११ मध्ये उघड झाली आणि त्यांचे ५८ निबंध मागे घेतले गेले, पण जुन्या संदर्भसूच्यांत ते होते तिथेच आहेत. झोटेरो मागे घेतलेल्या निबंधावर लाल पट्टी दाखवतं, तेवढी सूचना तरी पाळावी.

आता आपल्याकडच्या साहित्याबद्दल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. बरेच आढावाकार त्यांना दुय्यम समजून वगळतात, मला हे उलटं वाटतं. निबंध छापून येण्यासाठी निकाल चमकदार लागतो. प्रबंध मात्र परिकल्पना फेटाळली गेली तरी जमा होतो. कपाटात अडकलेले शून्य निकाल फुकटात मिळण्याची ही जागा आहे, आणि मराठी माध्यमाच्या शाळांतला, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवरचा नमुना मिळाला तर तो इथेच. मानसशास्त्राचे नमुने मुख्यतः श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या शिकलेल्या लोकांचे असतात, हे जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ठासून मांडलं. तो संदर्भ आपल्या प्रबंधांत हौसेने येतो आणि शोधगंगा मात्र उघडली जात नाही.

हे प्रबंध वाचताना एका जागी बोट ठेवून थांबायचं: चाचणीची विश्वसनीयता. 'या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.८६ आहे' असं लिहिलेलं असतं, आणि तो मूळ अमेरिकन मॅन्युअलमधून जसाच्या तसा घेतलेला असतो. मराठी भाषांतर कुणी केलं, ते न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून ताडलं का, आणि याच नमुन्यावर विश्वसनीयतेचा अल्फा गुणांक काढला का? तिन्हीची उत्तरं नसतील तर तो अभ्यास यादीत ठेवा, पण त्याच्या नावापुढे तशी नोंद करा.

लिहिताना सालाची रांग मोडावी लागते. परिच्छेदाचा पहिला शब्द संशोधकाचं आडनाव असेल तर तो परिच्छेद बहुधा चुकीच्या जागी आहे. परिच्छेद प्रश्नाने बांधावा: परिणाम किती मोठा आहे, कुणात दिसतो, कुठल्या मापनाने दिसतो आणि कुठल्याने नाही. सार्थक किती आणि असार्थक किती अशी मतमोजणी करू नये. दोन लहान अभ्यास वेगवेगळे असार्थक असून एकत्र केल्यावर स्पष्ट परिणाम दाखवू शकतात. 'सिद्ध झाले' हे क्रियापद काढून टाकावं. इगो डिप्लिशनवर आज परिच्छेद लिहायचा तर तो असा होईल: लहान, नोंदणी नसलेल्या अभ्यासांत परिणाम ०.६ च्या घरात. आधी नोंदणी केलेल्या बहुकेंद्री अभ्यासांत ०.०४ ते ०.१०, दोन्हींतल्या तफावतीचं मुख्य स्पष्टीकरण निवडक प्रसिद्धी, पहिलं काम पुरेसं दमवणारं होतं का यावरचा वाद शिल्लक. चार ओळींत मावतं. सालवार लिहिलं असतं तर बारा पानं झाली असती आणि वाचणाऱ्याला उत्तर मिळालं नसतं.

प्रबंध जमा करायच्या आधी सगळे शोध त्याच ओळींनी पुन्हा एकदा चालवा. मधल्या काळात आलेले निबंध त्याच निकषांतून जाऊ द्या, मागे घेतलेल्यांची यादी पुन्हा ताडा आणि पद्धतीच्या परिच्छेदात शेवटच्या शोधाची तारीख बदला.